सालीवरचा शिक्का

भांडण केळ्यावरून झालं हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी शोधून काढल्यासारखं दाखवायला नको.

बाबा रोज सकाळी ऑफिसला जाताना एक केळं खातात. उभ्याउभ्या, बूट घालून, दारात. साल माझ्या हातात देतात, कारण कचऱ्याचा डबा माझ्या बाजूला असतो, आणि मी शाळा सोडल्यापासून घरातलं सगळंच माझ्या बाजूला असतं. दार उघडणं, गॅसवरचं दूध, पाण्याची मोटर, सगळं. तर त्या दिवशी साल देता देता बाबा म्हणाले, "माणसानं गर घ्यावा. शाळा म्हणजे गर. तू गर टाकलास आणि साल धरून बसलीस."

माझं डोकं तापायला एवढं पुरतं. याच्या निम्मंही पुरतं.

"सालीतच जास्त असतं," मी म्हणाले.

"काय जास्त असतं?"

"सगळंच. वाचलंय मी."

वाचलं होतं, खोटं नाही. आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या वेफर्सवाल्यानं पुडी बांधली होती त्या कागदावर होतं. केळ्याच्या सालीत गरापेक्षा तंतू जास्त, खनिजं जास्त, आणि पुढचा मजकूर तेलात विरघळला होता.

"शिक्का होता त्यावर?" बाबांनी विचारलं.

इथे एक सांगायला हवं. बाबा वीजबिलांच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीमागे बसतात. गेली बावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला. तिथे बसून बसून त्यांचं असं झालंय की शिक्का नसलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वासच बसत नाही. बाहेर धो धो पाऊस पडत असला तरी ते पेपरात बघतात. आणि न वाचता सही करणं हे त्यांच्या मते खून करण्याच्या थोडंसंच अलीकडे येतं.

"आणते शिक्का," मी म्हणाले.

"आण. सालीत गरापेक्षा जास्त आहे, असं लिहिलेला शिक्क्याचा कागद आण. मी शाळेचं नाव काढणार नाही. नाही आणलास तर एकवीस तारखेला माझ्याबरोबर शाळेत यायचं आणि हेडबाईंपुढे उभं राहायचं. कबूल?"

"कबूल."

बाबांनी कॅलेंडरवरच्या वीस तारखेभोवती पेनानं गोल काढला. दोनदा फिरवला, म्हणजे पुसता येऊ नये. त्या दिवशी दोन तारीख होती. आई मशीनवर कोणाच्या तरी पँटची उंची कमी करत होती. तोंडात टाचण्या होत्या. टाचण्यांच्या फटीतून म्हणाली, "मला कोणी विचारलं नाहीये. पण केळ्यावरून पोरीचं शिक्षण ठरवणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही."

आता प्रयोग म्हटला की तो नीट करायला पाहिजे. मी चार नमुने ठरवले. पिकलेल्या केळ्याचा गर आणि त्याची साल, भाजीच्या कच्च्या केळ्याचा गर आणि त्याची साल. सगळं वाळवायचं, दळायचं, चार पुड्या करायच्या आणि सरकारी प्रयोगशाळेत द्यायच्या. आपली गल्ली संपली की दवाखाना, त्याच्या मागे सरकारी कचेऱ्यांची इमारत, तिथेच प्रयोगशाळा. सात मिनिटांचा रस्ता. काम अठरा दिवसांत तीनदा झालं असतं.

पहिली अडचण अशी की साल म्हणजे बहुतेक पाणीच. दहा मुठी साली वाळवल्या की जेमतेम मूठभर उरतं. म्हणजे खूप केळी आणायला हवीत. आणि नमुन्याला गर लागतो चमचाभर. उरलेला गर कोणी खायचा?

आम्ही खायचा.

चार दिवस आमच्या घरात केळं सोडून काही नव्हतं. सकाळी पिकलं केळं, दुपारी कच्च्या केळ्याची भाजी, संध्याकाळी दुधात केळं, रात्री कच्ची केळी उकडून. आई म्हणाली, "निदान मीठ तरी बदलत जाऊ." पिकलं केळं पोट मोकळं करतं आणि कच्चं बांधून ठेवतं, असं सगळे म्हणतात. बाबांनी एकाच दिवशी दोन्ही भरपूर खाल्ली आणि दोन दिवस ते कुठल्याच निर्णयाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात जोडले. "यापुढे माझ्यासमोर केळं आणायचं नाही. सकाळचंसुद्धा नाही. हा माझा शेवटचा शब्द."

"म्हणजे हरलात?"

"पोट हरलंय. मी नाही."

भाजीच्या केळ्यांच्या साली मात्र घरात खाऊन पुरेनात. म्हणून मी वेफर्सवाल्याकडे गेले. तो रोज पोतंभर साली टाकतो. मोठा शांत माणूस. हात सदैव तेलात, त्यामुळे कशाचा रागच त्याच्या हातात टिकत नसावा.

"पोतं पाहिजे? ने की. पण कपडे सांभाळ. चीक लागला की जात नाही."

ते मला माहीत होतं. म्हणूनच मी शाळेचा गणवेश घालून गेले होते. घरात तेवढाच एक बिनकामाचा कपडा होता. संध्याकाळपर्यंत पांढऱ्या शर्टाच्या बाह्या, पोट आणि खिसा काळपट तपकिरी झाले. आईनं शर्ट दोन बोटांत धरला.

"एकवीस तारखेला शाळेत काय घालून जाशील?"

"जाणारच नाहीये."

"आणि गेलीस तर?"

हे आधी सुचलं नव्हतं, असं कबूल करायची माझी तयारी नव्हती.

साली धुतल्या, कारण वर फवारलेलं काय काय असतं. पातळ कापल्या, गच्चीवर जुन्या चादरींवर पसरल्या आणि गच्चीच्या दाराला चिठ्ठी लावली, 'प्रयोग चालू आहे. पाय देऊ नये.' इथपर्यंत सगळं शिस्तीत होतं. पण आमच्या बिल्डिंगमध्ये चिठ्ठी लावणं म्हणजे सगळ्यांना बोलावणं.

पहिल्या आल्या समोरच्या काकू. "अगं, साल पिठाबिठाला कशाला घालवतेस? चेहऱ्याला चोळ. आतली बाजू. बघ कसे डाग जातात." असं म्हणून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे असं बघितलं, की तोपर्यंत मला डाग आहेत हेच माहीत नव्हतं. जाताना मूठभर घेऊन गेल्या. मग वरच्या मजल्यावरचे मास्तर आले. रिटायर होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण हातात अजून खडू असल्यासारखी बोटं धरतात. त्यांनी सांगितलं की साल बुटाला घासली की पॉलिश लागत नाही. मी म्हटलं मला बूट नकोत, मला पोषणमूल्य पाहिजे. ते म्हणाले, "बुटालाही पोषण लागतं," आणि खाली बसून तिथल्या तिथे दोन्ही बूट घासले. माझ्या नमुन्यानं. त्यांच्यामागून व्यायामशाळेत जाणारा एक दादा आला. तो म्हणाला साल पाण्यात उकळून ते पाणी प्यायचं, बाकी सगळं वाया. पुढे म्हणाला, "दंड बघ," आणि दंड दाखवला. मी बघितला. नेहमीसारखाच होता.

हे एकवेळ चाललं असतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर कडीला प्लास्टिकची पिशवी. आत साली. दुपारी दोन पिशव्या. 'या घरात साली लागतात' ही बातमी बिल्डिंगभर झाली होती, आणि लोकांना जिना उतरून कचराकुंडीपर्यंत जाण्यापेक्षा विज्ञानाला हातभार लावणं सोपं वाटत होतं. कोणी संत्र्याच्या साली टाकल्या, कोणी बटाट्याच्या. एका पिशवीत अंड्याची टरफलं आणि एक चिठ्ठी होती, 'यातही बघ.' मी ती पिशवी घेऊन सगळे मजले फिरले, पण अक्षर कोणी ओळखलं नाही.

मग चिलटं आली. आधी गच्चीवर, मग जिन्यात, मग चेअरमनांच्या चहात.

चेअरमन आमच्या खालीच राहतात. त्यांनी चहाचा कप तसाच उचलून वर आणला, पुरावा म्हणून. कपात दोन चिलटं पोहत होती.

"ही तुमची आहेत," ते म्हणाले.

"ओळखलीत कशी?" मी विचारलं.

आईनं मला मागून चिमटा काढला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली, 'दाराबाहेर तसेच गच्चीवर कचरा ठेवण्यास मनाई आहे.' मी खडू घेऊन 'कचरा' या शब्दावर काट मारली आणि वर 'नमुना' लिहिलं. त्यांनी 'नमुना' खोडून 'कचरा' केलं. असं चार वेळा झाल्यावर फळ्याचा तेवढा भाग पांढरा झाला आणि तिथे काय ठेवायला मनाई आहे हे कोणालाच कळेना.

आता वाचणारे वाट बघत असतील की कोणीतरी सालीवरून घसरणार. कोणी घसरलं नाही. मी आजपर्यंत सालीवरून घसरलेला माणूस प्रत्यक्ष बघितलेला नाही. चेअरमन पडले खरे, पण ते त्यांनीच करून घेतलेल्या नव्या गुळगुळीत फरशीवरून, दारातल्या दारात, चपलेसकट. तरी बिल्डिंगमध्ये नाव सालीचंच झालं. मी भेटायला गेले तर पाय उशीवर ठेवून म्हणाले, "तू तरुण आहेस. तुला कळायचं नाही."

बारा तारखेला साली काळ्या, कडक, वाजणाऱ्या झाल्या. दळायचं राहिलं. मिक्सर लावला. भाजीच्या केळ्याची साल वाळली की पट्ट्याच्या चामड्यासारखी होते. मिक्सर आधी ओरडला, मग कण्हला, मग त्यातून जळका वास आला आणि तो कायमचा गप्प झाला. आई मशीनवरून उठली. मिक्सरचं झाकण काढून आत बघितलं, वास घेतला, झाकण लावलं. परत मशीनवर जाऊन बसली. आई बोलते तेव्हा मी उत्तर देऊ शकते. ती गप्प असते तेव्हा माझ्याकडे काही नसतं. उरलेलं मी खलबत्त्यात कुटलं. दोन दिवस. पहिल्या दिवशी खालून चेअरमननी छताला काठी ठोकली. दुसऱ्या दिवशी माझ्या ठोक्यात ठोका मिळवला.

पंधरा तारखेला चार पुड्या घेऊन मी प्रयोगशाळेत. खिडकी क्रमांक तीन, 'नमुने स्वीकारले जातील.' खिडकीत एक कारकून. चष्मा कपाळावर, आणि बघायचं झालं की तो चष्मा खाली घ्यायच्या ऐवजी कागद कपाळाशी नेत होता.

"काय आहे?"

"केळ्याचा गर आणि केळ्याच्या सालीचं पीठ. पोषणमूल्य काढायचंय."

"गर म्हणजे केळं. केळं फळात येतं." त्यानं लिहिलं. "हे दुसरं?"

"भाजीच्या केळ्याचा गर."

"ते भाजीत येतं." लिहिलं. "आणि हे?"

"या दोन्हींच्या साली."

त्यानं एक जाड वही काढली आणि बोट वरून खाली नेलं. पान उलटलं. परत वरून खाली. "साल फळात नाही."

"भाजीत बघा."

"भाजीतपण नाही. पाच नंबरला जा."

पाच नंबरच्या खिडकीवर कचरा विभाग होता. तिथला माणूस डबा खात होता. म्हणाला, "आम्ही कचऱ्याचं पोषणमूल्य काढत नाही. वजन काढतो. किती ट्रक आहे?"

मी पुड्या दाखवल्या. त्यानं डब्याचं झाकण लावलं. परत तीन नंबरला.

"तिथे घेत नाहीत," मी म्हणाले.

"इथेपण रकाना नाही."

"मग साल म्हणजे काय? फळ नाही, भाजी नाही, कचरा नाही. आहे तरी काय ती?"

खरं सांगते, त्यानं मनापासून विचार केला. पेन दातात धरलं, छताकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता. त्याच्या जागी मी असते तर कधीच खिडकी लावून घेतली असती. मागे रांग लागली होती. एक दूधवाला कॅन घेऊन उभा होता, तो म्हणाला, "ताई, होऊ द्या लवकर, दूध नासतंय. नासलं तर नासकं निघेल."

कारकुनाचा चेहरा उजळला. "आतल्या पदार्थाला बाहेरून जे असतं, त्याला काय म्हणतात? वेष्टन. वेष्टनाचा रकाना आहे. घालू?"

इथे माझी चूक झाली. मला कळत होतं की हे बरोबर नाही. पण सकाळपासून उभी होते, दूधवाला मागून घाई करत होता आणि डोकं तापलं होतं. मी म्हणाले, "वेष्टन लिहा, नाहीतर छत्री लिहा. पण आत घ्या."

त्यानं लिहिलं. "वय?"

"सोळा."

"शिक्षण?"

"नववीपर्यंत."

"चालू की बंद?"

"दुकान आहे का ते?"

"रकाना आहे," तो म्हणाला. "बंद लिहितो. इथे पालकाची सही लागेल."

बाबांनी दोन तारखेलाच सांगून ठेवलं होतं की या प्रकरणात ते प्रतिवादी आहेत, सही करणार नाहीत. म्हणून अर्ज घेऊन पळत घरी. आईनं हातातली कात्री खाली ठेवली, "कुठे करू?" विचारलं आणि वर न बघता सही केली. मिक्सरचा विषय तिनं तेव्हाही काढला नाही.

अठरा तारखेला अहवाल मिळाले. मी जिन्यातच उघडले. पहिले दोन, फळ आणि भाजी. सुंदर. आकडेच आकडे. पिकलेल्यात साखर जास्त, कच्च्यात स्टार्च जास्त, खनिजं इतकी, तंतू इतके. खाली जांभळा गोल शिक्का. मग सालींचा.

'नमुना: वेष्टन, चूर्ण स्वरूपात. छपाईची शाई: आढळली नाही. गळती: लागू नाही. वापरण्याची मुदत: छापलेली नाही. आतील पदार्थास अपाय: करीत नाही. अभिप्राय: वेष्टन म्हणून समाधानकारक.'

खाली माझं नाव. आणि गोल शिक्का, तोच, जांभळा.

मी परत गेले. तिथे काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढंच सांगते की पाच नंबरचा माणूस डबा हातात घेऊन बघायला आला होता. कारकून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तुम्हीच म्हणालात वेष्टन लिहा." आणि ते खरं होतं, म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलत होते. तेवढ्यात खिडकीशेजारचं दार उघडलं आणि पांढरा कोट घातलेल्या एक बाई बाहेर आल्या. केस पिकलेले, कोटाच्या खिशाला माझ्या शर्टासारखाच तपकिरी डाग.

"कोण ओरडतंय?"

"वेष्टन," कारकून म्हणाला.

बाईंनी अहवाल वाचला. हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी निघूनच गेले असते. म्हणाल्या, "पुडी उरली आहे का?"

होती. गराचीही आणि सालीचीही, खिशातच.

"आत यायची परवानगी नाही. पण त्या काचेमागे उभी राहा. दुपारपर्यंत उभी राहू शकशील?"

"राहीन."

काचेच्या पलीकडे त्यांनी दोन छोट्या चिनीमातीच्या वाट्या घेतल्या. एकीत गराची पूड, एकीत सालीची. काट्यावर तोलून, दोन्ही बरोबर सारख्या. मग दोन्ही एका भट्टीत ठेवल्या आणि दार लावलं. काचेजवळ येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "जे जळतं ते जळू दे. साखर, स्टार्च, तंतू, सगळं जाईल. शेवटी राख उरते. खनिज जळत नाही."

मी उभी राहिले. एक वाजला, दोन वाजले. शाळेत मला चाळीस मिनिटं एका जागी बसवत नव्हतं. इथे काचेला नाक लावून मी बंद भट्टीचं दार बघत होते आणि मला कंटाळा आला नाही, हे मलाच विचित्र वाटत होतं.

तीनच्या सुमाराला बाईंनी वाट्या बाहेर काढल्या, थंड होऊ दिल्या आणि काचेशी आणून धरल्या. गराच्या वाटीत चिमटीभर राख. सालीच्या वाटीत त्याच्या तिप्पट. सरळ डोळ्यांना दिसत होतं. काट्याचीसुद्धा गरज नव्हती. तरी त्यांनी तोललं.

"बरोबर होतीस," त्या म्हणाल्या. "खनिजात साल पुढे आहे. साखरेत आणि स्टार्चमध्ये गर पुढे. कशात जास्त, ते आधी विचारायचं, मग भांडायचं."

"हे लिहून द्या. शिक्का मारून."

"शिक्का मारता येणार नाही. रकाना नाही ना. रकाना वाढवायचा तर वरून मंजुरी लागते, तीन महिने. आकडे लिहून देते." त्यांनी एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या. तारीख घातली.

मी चिठ्ठी घेतली. मग विचारलं, "तो कोट घालायला काय लागतं?"

"दहावी. मग पुढचं. पण आधी दहावी." असं म्हणून त्या आत गेल्या. एक शब्द जास्त बोलल्या नाहीत. उपदेश केला असता तर माझं काम सोपं झालं असतं.

जाताना कारकुनानं हाक मारली. "ओ वेष्टन! ते बाहेरून दहावीला बसायचे अर्ज पण इथेच मिळतात, सात नंबरला. शाळेत जावं लागत नाही. म्हणजे, आपलं सांगितलं. रकाना आहे त्याला."

मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. पण सात नंबरला रांग नव्हती. हा योगायोग होता. मी एक अर्ज घेतला, नुसता बघायला.

वीस तारखेला बाबा ऑफिसातून आले. हातपाय धुतले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला. आईनं मशीन थांबवलं. घरात इतकं शांत होतं की खालच्या चेअरमनांचा रेडिओ ऐकू येत होता.

मी त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. एक शिक्क्याचा, एक पेन्सिलीचा.

बाबांनी शिक्क्याचा कागद तीनदा वाचला. मग पेन्सिलीचा तीनदा. मग शिक्का उजेडात धरून बघितला.

"शिक्का खरा आहे," ते म्हणाले.

"हो."

"पण जे लिहिलंय ते भलतंच आहे. साल म्हणजे वेष्टन म्हणे. आणि यात लिहिलंय ते..." त्यांनी चिठ्ठी वर केली. "हे तू बघितलंस?"

"डोळ्यांनी. तीन तास उभी होते."

"तू? तीन तास?"

"हो."

बाबांनी दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले. बावीस वर्षांत त्यांच्यापुढे असं प्रकरण आलं नसावं. एका कागदाला शिक्का आहे आणि अर्थ नाही, दुसऱ्याला अर्थ आहे आणि शिक्का नाही. शेवटी त्यांनी शिक्क्याचा कागद बाजूला सारला. शिक्क्याचा! आईनं तोंडातली टाचणी काढून हातात घेतली.

"कबूल," बाबा म्हणाले. "सालीत जास्त आहे. खनिज. उद्या शाळेत जायचं नाही. माझ्याकडून विषय संपला."

मी जिंकले होते. मी आठवडाभर ठरवून ठेवलं होतं की जिंकले की काय काय बोलायचं. त्यातलं एकही आठवेना. उलट मला राग आला. कोणाचा ते कळेना.

"अजून एक कागद आहे," मी म्हणाले आणि तिसरा कागद पुढे सरकवला. घडी घालून घालून त्याच्या रेषा पडल्या होत्या. "याच्यावर पालकाची सही लागते. शाळेत जायचं नाही, बाहेरून बसायचं. गणवेश लागत नाही. आणि हे तुमच्यासाठी नाहीये. मला त्या खिडकीच्या आत जायचंय, एवढंच. त्यांच्या वहीत एक रकाना कमी आहे."

बाबांनी अर्ज घेतला. मला वाटलं आता हसतील, की आता म्हणतील 'बघ, मी म्हणत नव्हतो?' तसं म्हणाले असते तर मी अर्ज फाडलाच असता. त्यांनी चष्मा नीट केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सूचना वाचल्या. बारीक अक्षरातल्याही. मागचं पान वाचलं. परत पुढचं. 'शिक्षण, चालू की बंद' असा रकाना इथेही होता. मी तो मोकळा सोडला होता. बाबांनी खिशातलं पेन काढलं, मला दिलं आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. मी 'चालू' लिहिलं. मग त्यांनी पेन परत घेतलं आणि खाली सही केली. एका झटक्यात नाही, प्रत्येक अक्षर काढून.

पेन खिशाला लावलं आणि आईला म्हणाले, "केळं आहे का गं घरात?"

"तुमचा शेवटचा शब्द?" आई म्हणाली.

"आहे का ते सांग."

आईनं डब्यामागून एक केळं काढलं. नक्की कधीपासून लपवलेलं होतं कोण जाणे, डाग पडले होते. बाबांनी बसूनच खाल्लं, शांतपणे, शेवटपर्यंत. मग साल हातात धरून कचऱ्याच्या डब्याकडे बघितलं. डबा नेहमीसारखा माझ्या बाजूला होता.

साल त्यांनी टेबलावर ठेवली, पेन्सिलीच्या चिठ्ठीशेजारी, आणि बोटानं माझ्याकडे सरकवली.

"धुऊन घे आधी," ते म्हणाले. "आणि मिक्सरमध्ये घालू नकोस. नवीन आणलाय."